एकट्या अ‍ॅप डेव्हलपरचा पावसाळा: डब्ल्यूडब्ल्यूडीसी ते सप्टेंबर

प्रश्न थोडक्यात असा आहे: अ‍ॅप स्टोअरवर स्वतःची दोन अ‍ॅप्स आहेत, काम एकट्याचं, पुण्यात घरून चालतं, अधूनमधून बाहेरची कामंही घेतली जातात. जूनमध्ये अ‍ॅपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी ही डेव्हलपरांची कॉन्फरन्स आली की दरवर्षी गोंधळ उडतो. सेशन सगळी बघायची का, बीटा (नव्या आयओएसची, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमची, सर्वांसाठी येण्याआधीची चाचणीची आवृत्ती) कुठे टाकायचा, नवीन गोष्टींना हात कधी घालायचा, आणि एवढं करूनही सप्टेंबरात तारांबळ का उडते?

तारांबळ उडते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. कीनोट, म्हणजे उद्घाटनाचं सादरीकरण, पाहून डोकं नव्या फीचरनं भरलेलं असतं, म्हणून जूनमध्ये नवीन फीचर सुरू होतं, आणि जुनं अ‍ॅप नव्या आयओएसवर नीट चालतं की नाही हे ऑगस्टमध्ये तपासलं जातं. हे उलटं करायला हवं. लोकांनी पैसे मोजून घेतलेलं, आज स्टोअरवर असलेलं अ‍ॅप आधी नव्या सिस्टिमवर जसंच्या तसं चालवून बघायचं. मग तोच कोड, एक ओळही न बदलता, नव्या एक्सकोडमधून (अ‍ॅप लिहायचं अ‍ॅपलचं साधन) बिल्ड करायचा, म्हणजे चालवता येईल असं अ‍ॅप बांधायचं. या दोन्हींत सापडलेलं सगळं दुरुस्त झालं, की उरलेल्या वेळात एक नवीन गोष्ट, फार तर दोन.

वेळ किती असतो हे आधी मोजून घ्या. २०२४ मध्ये कॉन्फरन्स १० जूनला सुरू झाली आणि आयओएस १८ सर्वांसाठी आलं १६ सप्टेंबरला. २०२५ मध्ये ९ जून आणि १५ सप्टेंबर. दोन्ही वेळा बरोबर १४ आठवडे. त्यातून शेवटचा आठवडा वजा करा, कारण तोवर बिल्ड अ‍ॅपलच्या तपासणीला, म्हणजे रिव्ह्यूला, गेलेलं असायला हवं. बाहेरच्या कामांचे दिवस वजा करा. आपल्याकडे आणखी एक वजाबाकी असते: गणपती. २०२३ मध्ये आयओएस १७ आलं १८ सप्टेंबरला आणि दुसऱ्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. २०२४ मध्ये आयओएस १८ आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. घरात दीड दिवसाचा का होईना, गणपती बसणार असेल तर कोड लिहिण्याची शेवटची तारीख १५ ऑगस्ट धरा. म्हणजे हातात उरतात साधारण नऊ आठवडे.

कोकणात पावसाळ्याआधी आगोटीचं सामान भरतात, तसं मे महिन्यात काही भरून ठेवावं लागतं.

पहिलं, अडकलेली अपडेट मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत स्टोअरवर जाऊ द्या. जूनमध्ये स्टोअरवर असलेली आवृत्ती शक्य तितकी स्वच्छ हवी. बीटा टाकणारे हौशी लोक पहिल्याच रात्री तुमचं अ‍ॅप उघडतात. त्यांचे क्रॅश तुमच्या नेहमीच्या क्रॅशमध्ये मिसळले, तर कुठला दोष जुना आणि कुठला नव्या आयओएसमुळे हे कळत नाही. एक दिलासा आहे: बीटा आयओएसवरून अ‍ॅप स्टोअरवर ग्राहकाला रिव्ह्यू लिहिता येत नाही, त्यामुळे तारे घसरत नाहीत. ईमेल मात्र येतात. त्यासाठी चार ओळींचं उत्तर तयार ठेवा: कळवल्याबद्दल आभार, बीटाचा कितवा क्रमांक आहे ते सांगा, सप्टेंबरआधी दुरुस्ती येईल.

दुसरं, डिस्क. एक्सकोडचा बीटा, त्याची फोडलेली फाइल आणि आयओएसच्या एका सिम्युलेटरचे (मॅकवर चालणारा नकली आयफोन) साधारण ८ जीबी, शिवाय वॉच किंवा आयपॅडचं काम असेल तर त्यांचं वेगळं. १०० जीबी मोकळी असेल तर सप्टेंबरपर्यंत अडत नाही. जागा काढायची ती लायब्ररीतल्या डेव्हलपर फोल्डरमधून. डिराइव्ह्ड डेटा पूर्ण उडवला तरी चालतो, पुढचं बिल्ड सावकाश होतं इतकंच. आयओएस डिव्हाइस सपोर्टमध्ये जुन्या आवृत्त्यांचे ढीग पडलेले असतात, तेही काढा. न चालणारे सिम्युलेटर ‘एक्सकरन सिमसीटीएल डिलीट अनअव्हेलेबल’ या एका आदेशानं जातात. आर्काइव्ह फोल्डरला मात्र हात लावू नका. स्टोअरवर गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची डीसिम फाइल त्यात असते, आणि ती गेली तर जुन्या आवृत्तीचा क्रॅश-लॉग नुसते आकडे दाखवत बसतो.

तिसरं, वीज आणि इंटरनेट. जूनचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे पावसाची पहिली झोड आणि फिडर पडण्याचे दिवस. राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी छोटा यूपीएस लावा, कारण डाउनलोड ऐंशी टक्क्यांवर तुटलं की चिडचिड होते आणि रात्र वाया जाते. फोनचा हॉटस्पॉट पर्याय म्हणून ठीक आहे, पण दिवसाचा डेटा किती शिल्लक आहे ते आधी पाहा.

चाचणीसाठी जुना आयफोन घ्यायचा असेल तर मेमध्ये घेऊ नका. कुठले फोन नव्या आयओएसमधून वगळले हे कीनोटच्या दिवशीच कळतं. २०२५ मध्ये आयओएस २६ नं टेन-एस, टेन-एस मॅक्स आणि टेन-आर वगळले. मेमध्ये स्वस्त म्हणून टेन-आर घेतलेल्याचे पैसे तीन आठवड्यांत पाण्यात गेले.

आता बीटा कुठे टाकायचा. रोजच्या फोनवर नाही, हे सगळेच सांगतात. का, ते सांगायला हवं. आयफोन बीटावरून परत आणता येतो, पण त्यासाठी तो पूर्ण पुसावा लागतो, आणि नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुन्यावर चढत नाही. म्हणून बीटा टाकण्याआधी फाइंडरमधून, पासवर्ड घालून, मॅकवर बॅकअप घ्या आणि बॅकअपच्या यादीत जाऊन त्यावर ‘आर्काइव्ह’ करा. आर्काइव्ह केलं नाही तर पुढच्याच जोडणीत नवा बॅकअप त्या जागी बसतो. अ‍ॅपल वॉचचं प्रकरण याहून कडक आहे: घड्याळावर एकदा बीटा गेला की घरबसल्या मागे येण्याचा रस्ताच नाही. वॉचचं अ‍ॅप विकत असाल तर चाचणीचं घड्याळ वेगळंच ठेवा. शिवाय बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप बीटावर उघडेलच याची खात्री नसते. भाजीवाल्यासमोर उभं असताना ते कळू नये.

मॅकवर तर मॅकओएसचा बीटा सहसा लागतच नाही. एक्सकोडचा नवा बीटा चालू मॅकओएसवर चालतो. एक्सकोड १६ सोनोमावर चालला, एक्सकोड २६ सिक्वोयावर. काही सोयी, उदाहरणार्थ एक्सकोड २६ मधला कोडिंग असिस्टंट, नव्या मॅकओएसशिवाय दिसत नाहीत. त्यांच्यासाठी कामाचं मशीन पणाला लावू नये. मॅकचं अ‍ॅप असेल तर डिस्क युटिलिटीत त्याच कंटेनरमध्ये एक नवा एपीएफएस व्हॉल्यूम जोडा आणि बीटा त्यावर टाका. पार्टिशन करायची गरज नाही, व्हॉल्यूम जागा आपसांत वाटून घेतात. एक्सकोडच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात, पण कमांड लाइनची साधनं एकाच वेळी एकाकडेच बोट दाखवतात. स्टोअरची तातडीची दुरुस्ती बिल्ड करण्याआधी ‘एक्सकोड-सिलेक्ट’ कुठे आहे ते बघायची सवय लावा. बीटा एक्सकोडमधून केलेलं बिल्ड टेस्टफ्लाइटवर, म्हणजे चाचणी करणाऱ्यांना बिल्ड देण्याच्या सोयीवर, जातं, अ‍ॅप स्टोअरच्या रिव्ह्यूला देता येत नाही.

कॉन्फरन्सच्या आठवड्याकडे येऊ. कीनोट कॅलिफोर्नियात सकाळी १० ला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. त्यानंतर ‘प्लॅटफॉर्म्स स्टेट ऑफ द युनियन’. २०२४ आणि २०२५ मध्ये ते तिथल्या दुपारी १ ला होतं, आपल्याकडे मध्यरात्री दीड. कीनोट ग्राहकांसाठी असते, आपल्या कामाचं दुसरं. पण दुसरं थेट पाहण्यासाठी पहाटे तीनपर्यंत जागण्यात काहीच मिळत नाही. मंगळवारी सकाळी तेच रेकॉर्डिंग थांबवत थांबवत, वहीत नोंदी करत पाहिलं तर जास्त उरतं. रात्री झोपण्याआधी तीन कामं करा: एक्सकोडचा बीटा डाउनलोडला लावा, चाचणीच्या फोनवर आयओएसचा बीटा लावा, आणि नवीन एसडीकेच्या (एक्सकोडबरोबर येणारा बांधणीचा संच) रिलीज नोट्स उघडून त्यात तुम्ही वापरता त्या फ्रेमवर्कची (त्या संचातल्या तयार कोडच्या भागांची) नावं शोधा. बीटासाठी २०२३ पासून ९९ डॉलरच्या सदस्यत्वाची गरज नाही, साधं अ‍ॅपल अकाउंट (पूर्वीचा अ‍ॅपल आयडी) पुरतं. सेटिंग्जमध्ये जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, बीटा अपडेट्स.

सेशन शंभराहून जास्त असतात. सगळी पाहायची नाहीत. नावांच्या यादीवरून तीन चाळण्या लावा. तुमचं अ‍ॅप ज्यावर उभं आहे त्या फ्रेमवर्कचं ‘व्हॉट्स न्यू’ सेशन पूर्ण पाहायचं. स्विफ्टयूआय असो, यूआयकिट असो, स्विफ्टडेटा असो. नवीन डिझाइन आलं असेल तर त्याची दोन-तीन सेशन, कारण ते सक्तीनं अंगावर येणार असतं. बाकीच्यांचं फक्त लिखित रूप वाचा. प्रत्येक सेशनखाली मजकूर असतो, कोडचे तुकडे कॉपी करता येतात, वीस मिनिटांचं सेशन पाच मिनिटांत वाचून होतं. एका दिवसात चारपेक्षा जास्त पाहिली तर पाचव्यातलं काही लक्षात राहत नाही. बघितल्यावर लगेच रिकाम्या प्रोजेक्टमध्ये तो कोड चालवून बघा. पहिल्या बीटात बरंचसं स्लाइडवर दाखवल्यासारखं चालत नाही, आणि हे जूनमध्ये कळलेलं बरं.

लॅब्ज हा सगळ्यांत कमी वापरला जाणारा भाग आहे, आणि तोच सगळ्यांत मोलाचा. त्यात अ‍ॅपलच्या इंजिनिअरांना थेट प्रश्न विचारता येतात; २०२५ मध्ये गटाच्या लॅब्जही आल्या. वेळा पॅसिफिक असतात, त्यामुळे आपल्याकडे रात्र होते. एक किंवा दोन निवडा आणि त्या रात्रीसाठी जागरण राखून ठेवा. ‘माझं अ‍ॅप हळू आहे’ असल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दहा ओळींचा कोड, अपेक्षित काय होतं, प्रत्यक्षात काय होतं, कुठल्या बिल्डवर, एवढं इंग्रजीत आधीच लिहून ठेवा आणि चिकटवा.

आता मुख्य काम. आठवडा पहिला, म्हणजे कॉन्फरन्स चालू असतानाच: स्टोअरवरचं अ‍ॅप बीटाच्या फोनवर स्टोअरमधूनच उतरवा आणि एकेक पडदा उघडा. खरेदी, खरेदी रिस्टोअर, नोटिफिकेशन, विजेट, आयक्लाउडची देवाणघेवाण, शेअर शीट, जुन्या डेटावरून नव्यावर येणं. जे मोडलं ते दोन रकान्यांत लिहा: माझी चूक, त्यांची चूक. पहिल्या बीटात दुसरा रकाना मोठा असतो, त्यातलं निम्मं पुढच्या बीटात आपोआप जातं. ‘त्यांची चूक’ टाळण्यासाठी जूनमध्ये आडवळणाचा कोड लिहू नका. नाहीतर जुलैत ती सुधारते आणि तुमचा जुगाड मोडतो.

आठवडा दुसरा: नव्या एक्सकोडमधून बिल्ड. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक आश्चर्याचे धक्के इथूनच येतात. आयओएस तुमचं अ‍ॅप कुठल्या एसडीकेनं बांधलंय ते बघून वागतं. जुन्या एसडीकेचं अ‍ॅप असेल तर बरंचसं जुनं वागणं सांभाळलं जातं. नव्यानं बांधलं की ते संरक्षण निघतं. आयओएस १३ मध्ये असं झालं की समोर येणारे पडदे पूर्ण न झाकता कार्डासारखे उघडू लागले, मागच्या पडद्याचं ‘व्ह्यू विल अपिअर’ (पडदा आता दिसणार ही कोडला मिळणारी सूचना) यायचं बंद झालं आणि कित्येक अ‍ॅप्समधल्या याद्या ताज्या होईनात. आयओएस १४ मध्ये टेबलच्या सेलमध्ये कंटेंट व्ह्यूऐवजी थेट सेलवर लावलेली बटणं दाबली जाईनात. आयओएस १५ मध्ये नॅव्हिगेशन बार वर टेकला की पारदर्शक व्हायचा, आणि टेबलच्या विभागांवर न मागितलेली मोकळी जागा यायची. आयओएस २६ मध्ये एक्सकोड २६ नं बिल्ड केलं की लिक्विड ग्लास हे काचेसारखं नवं रूप आपोआप लागू झालं. एक्सकोड १६ नं बांधलेलं तेच अ‍ॅप त्याच फोनवर जुन्या रूपात दिसत राहिलं.

म्हणून नव्या बिल्डचे आणि जुन्या बिल्डचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघा. फोन उजळ (लाइट) आणि अंधाऱ्या (डार्क) रूपात, अक्षर सगळ्यांत मोठं करून, आणि अ‍ॅपला मराठी असेल तर मराठीत. देवनागरीत शिरोरेषेवरची वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरं. ठरावीक उंचीच्या बटणात किंवा टूलबारमध्ये ती वरून-खालून कापली जातात. इंग्रजीत सगळं छान दिसतं, त्यामुळे हे अ‍ॅपलच्या नमुना कोडमध्येही ध्यानात येत नाही. उंचीचा ठोकळा काढून टाका, ओळ स्वतःची उंची ठरवू द्या.

लिक्विड ग्लाससारखा मोठा बदल असेल आणि वेळ नसेल, तर अ‍ॅपलनं सुटकेचा एक दरवाजा दिला होता: इन्फो-पीलिस्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘यूआय डिझाइन रिक्वायर्स कम्पॅटिबिलिटी’ ही किल्ली चालू करायची, की नव्या एसडीकेनंही जुनं रूप राहतं. तो तात्पुरताच म्हणून दिला होता. वापरायला हरकत नाही, पण ज्या दिवशी ती ओळ लिहाल त्याच दिवशी ती काढायची तारीख कॅलेंडरवर टाका.

कोडच्या शाखांबद्दल. स्टोअरच्या दुरुस्त्या एका शाखेत, जुन्या एक्सकोडवर. पावसाळ्याचं काम दुसऱ्या शाखेत. दर आठवड्याला पहिलीतलं दुसरीत ओढून घ्या, सप्टेंबरात एकदम जोडायला जाऊ नका. एकाच शाखेत दोन्ही ठेवायचं असेल तर एक घोटाळा नेहमी होतो: ‘इफ अव्हेलेबल’ लिहिलं की झालं असं वाटतं, पण ती तपासणी अ‍ॅप चालू असतानाची आहे. जुन्या एक्सकोडच्या एसडीकेत ते नावच नसतं, म्हणून बिल्डच होत नाही. त्यासाठी बाहेरून कम्पायलरच्या आवृत्तीची अट लागते. एक्सकोड २६ साठी कम्पायलर ६.२ किंवा पुढचा. नवा एक्सकोड प्रोजेक्ट उघडताच ‘शिफारस केलेल्या सेटिंग्ज लागू करा’ म्हणतो, तिथे नाही म्हणा. एक्सकोड १६ च्या नव्या स्वरूपात गेलेली प्रोजेक्ट फाइल एक्सकोड १५ मध्ये उघडेनाशी झाली होती, आणि हे कळतं ते नेमकं तातडीच्या दुरुस्तीच्या दिवशी. स्विफ्ट ६ चा भाषा-मोडही असाच. कम्पायलर नवा वापरूनही भाषा ५ वर ठेवता येते. समांतर कामाच्या शेकडो चुका दिसल्या म्हणून घाबरून पावसाळ्यात तो मोड चालू करायची गरज नाही. ते डिसेंबर-जानेवारीचं निवांत काम आहे, एकेक मॉड्यूल घेऊन करायचं.

क्लाउडकिट (आयक्लाउडवर डेटा ठेवायची सोय) वापरत असाल तर आणखी सावध राहा. एक्सकोडमधून फोनवर टाकलेलं बिल्ड डेव्हलपमेंटच्या डेटाशी बोलतं, पण टेस्टफ्लाइटचं बिल्ड थेट प्रॉडक्शनशी, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या डेटाशी, बोलतं. म्हणजे टेस्टफ्लाइटवर नवं फीचर तपासायचं तर त्याचे रकाने आधी प्रॉडक्शनमध्ये चढवावे लागतात, आणि प्रॉडक्शनमध्ये चढलेला रकाना किंवा रेकॉर्डचा प्रकार परत काढता येत नाही. जुलैत उत्साहात चढवलेला आणि ऑगस्टमध्ये सोडून दिलेला रकाना जन्मभर तिथेच राहतो. नावं आणि प्रकार कागदावर पक्के झाल्याशिवाय चढवू नका.

बीटातल्या चुका कळवण्याला बरेच जण कंटाळतात. उत्तर येत नाही ही तक्रार रास्त आहे, तरी कळवायला हवं, आणि जूनमध्येच. जून-जुलैत बीटा साधारण दोन आठवड्यांनी येतात, ऑगस्टमध्ये भराभर. तोवर एपीआयचं, म्हणजे कोडनं सिस्टिमशी बोलायच्या आदेशांचं, रूप ठरून गेलेलं असतं. फीडबॅक असिस्टंटमध्ये एका नोंदीत एकच चूक, ती दाखवणारा लहानात लहान प्रोजेक्ट, पायऱ्या आणि सिसडायग्नोज (फोनच्या लॉगची फाइल). आयफोनवर दोन्ही आवाजाची बटणं आणि बाजूचं बटण एकत्र सव्वा सेकंदभर दाबून सोडा; जास्त दाबलं तर फोन बंद करायचा पडदा येतो. फाइल तयार व्हायला दहाएक मिनिटं लागतात. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, अ‍ॅनालिटिक्स, अ‍ॅनालिटिक्स डेटा. चूक झाल्या झाल्या ही फाइल घ्या, तासाभरानं घेतलेल्या लॉगमध्ये ती सापडत नाही. सदस्यत्वाबरोबर वर्षाला दोनदा अ‍ॅपलच्या इंजिनिअरकडून कोडबद्दल मदत मागायची सोय मिळते. कित्येक जणांची ती न वापरताच संपते.

नवीन काय घ्यायचं? हा निर्णय कॉन्फरन्सच्या आठवड्यात घेऊ नका. यादी लिहा, दहा दिवस बाजूला ठेवा. मग प्रत्येक नोंदीपुढे विचारा: हे नसलं तर माझा सध्याचा ग्राहक काय गमावेल, आणि माझ्या ग्राहकांपैकी किती जणांकडे हे चालेल? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. २०२५ चं फाउंडेशन मॉडेल्स घ्या. फोनवरच चालणारं भाषेचं मॉडेल, पैसे लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही; एकट्या डेव्हलपरसाठी सोनंच. पण ते आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्याच फोनवर चालतं, संदर्भाची मर्यादा ४०९६ टोकनची (शब्दांच्या तुकड्यांची), आणि आयओएस २६ आलं तेव्हा मराठी त्याच्या भाषांत नव्हती. शिवाय चालणाऱ्या फोनवरही ते कधी उपलब्ध नसतं: ग्राहकानं अ‍ॅपल इंटेलिजन्स बंद ठेवलेलं असतं किंवा मॉडेल अजून उतरलेलं नसतं. त्या प्रत्येक वेळी अ‍ॅपनं काय दाखवायचं हे आधी लिहा, आणि मग मॉडेल वापरायचा कोड. उलट विजेट, शॉर्टकट्ससाठीचं अ‍ॅप इंटेंट्स, कंट्रोल सेंटरमधलं बटण या कामांना तीन-चार दिवस पुरतात आणि त्या आयओएसवर आलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडतात. एकट्या माणसानं आधी हे घ्यावं.

कधी कधी कीनोटमध्येच तुमचं अ‍ॅप फुकट वाटलं जातं. याला ‘शरलॉक होणं’ म्हणतात. २००२ मध्ये मॅकवर वॉटसन नावाचं करेलिया कंपनीचं लोकप्रिय अ‍ॅप होतं, आणि अ‍ॅपलच्या शरलॉक ३ मध्ये जवळजवळ तेच आलं, त्यावरून हा शब्द. २०१९ मध्ये साइडकार आलं तेव्हा आयपॅडला दुसरा पडदा बनवणाऱ्यांवर, २०२४ मध्ये खिडक्या लावायची सोय मॅकमध्ये आली तेव्हा तेच काम विकणाऱ्यांवर हीच पाळी आली. त्या रात्री किंमत कमी करू नका आणि निरोपाचं पोस्ट लिहू नका. बीटा टाका आणि अ‍ॅपलचं फीचर काय करत नाही त्याची यादी काढा: कुठल्या फोनवर नाही, कुठल्या देशात किंवा भाषेत नाही, डेटा बाहेर काढता येतो का, नियम किती बारीक लावता येतात. अ‍ॅपल बहुतेकांना पुरेल एवढं करतं; उरलेल्यांचं काम भागवणारी बरीच अ‍ॅप्स अजून नीट चालतात. पण तुमच्या अ‍ॅपचा एकमेव उपयोग तोच असेल आणि यादी रिकामी निघाली, तर पावसाळ्याचे नऊ आठवडे त्यात घालू नका. त्याला नव्या आयओएसवर चालतं ठेवा आणि वेळ दुसऱ्या अ‍ॅपला द्या.

तिथे प्रत्यक्ष जावं का? एके काळी तिकीट १५९९ डॉलर होतं, २०१४ पासून सोडतीनं मिळायचं. २०२० पासून कॉन्फरन्स ऑनलाइन आणि मोफत आहे. २०२२ पासून पहिल्या दिवशी मोजक्या लोकांना अ‍ॅपल पार्कमध्ये बोलावतात, तेही मोफत, सोडतीनं. तारखा मार्चअखेर जाहीर होतात. म्हणजे निमंत्रण हाती आल्यावर दोनेक महिनेच उरतात, आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात व्हिसाच्या मुलाखतीची तारीख त्या वेळात मिळेल यावर भिस्त ठेवता येत नाही. आधीपासून व्हिसा असेल तरच अर्ज करण्यात अर्थ आहे. त्यापेक्षा बंगळुरूचं अ‍ॅपल डेव्हलपर सेंटर जवळ आहे. तिथे कॉन्फरन्सनंतर इंजिनिअरांसोबत बसून काम करायची सत्रं होतात, नोंदणी डेव्हलपर खात्यातून होते, पुण्याहून रात्रीची बस पुरते. एकट्यानं काम करणाऱ्याला दोन दिवस आपल्यासारख्यांत बसण्याची किंमत मोठी आहे, आणि तिथे भेटलेली माणसंच पुढे तुमचं टेस्टफ्लाइट मनापासून तपासतात.

टेस्टफ्लाइटवर जुलैच्या मध्यापर्यंत जा. पब्लिक बीटा साधारण जुलैत येतो आणि तेव्हाच तुमच्या ग्राहकांपैकी चाचणीला तयार लोक नव्या आयओएसवर असतात. बाहेरचे १०,००० जण घेता येतात, पण तीस नीट बोलणारे पुरे. बाहेरच्यांसाठीच्या पहिल्या बिल्डला बीटा रिव्ह्यू लागतो, आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवसांनी मरतं. १० जूनचं बिल्ड ८ सप्टेंबरला, ऐन गर्दीत, उघडायचं बंद होईल.

अ‍ॅप स्टोअर कनेक्टमध्ये फीचरिंगसाठी, म्हणजे संपादकांनी स्टोअरवर ठळक दाखवावं म्हणून, नामांकन देता येतं. किमान दोन आठवडे आधी द्यायचं असतं, तीन महिने आधी दिलं तर उत्तम. म्हणजे जूनच्या मध्याला, फार तर जूनअखेर. पहिल्या दिवशी नवीन तंत्र वापरणारी छोटी अ‍ॅप्स संपादकांना हवी असतात. जाहिरातीला पैसे नसलेल्याला हीच संधी. नामांकनात फीचर आणि तारीख नेमकी लिहा.

सप्टेंबरातला हिशेब असा: अ‍ॅपलचा कार्यक्रम आपल्याकडे रात्री साडेदहाला, त्यानंतर एक्सकोडची अंतिम उमेदवार आवृत्ती, आणि मग पाच ते सात दिवसांनी आयओएस सर्वांसाठी. २०२१ ते २०२५ पाचही वर्षं हे अंतर असंच राहिलं. पण २०२० मध्ये १५ सप्टेंबरला कार्यक्रम झाला आणि १६ ला आयओएस १४ बाहेर आलं. जगभरच्या छोट्या डेव्हलपरांना एक रात्र मिळाली. तसं पुन्हा झालं तरी चालेल अशी तयारी ठेवा: स्क्रीनशॉट, ‘नवीन काय’चा मजकूर, गोपनीयतेची उत्तरं, सगळं ३१ ऑगस्टपर्यंत भरून ठेवलेलं, फक्त बिल्ड जोडायचं बाकी. अ‍ॅपल सांगतं की सरासरी ९० टक्के सबमिशन २४ तासांच्या आत तपासली जातात. पण एकदा रिजेक्ट होईल हे धरूनच चाला. म्हणून त्या बिल्डमध्ये सबस्क्रिप्शनची नवी किंमत किंवा खरेदीचा नवा पडदा घालू नका. रिव्ह्यू अडकतो तो बहुतेक अशाच ठिकाणी.

रिलीज स्वतःच्या हातानं करायचं ठेवा आणि टप्प्याटप्प्यानं सोडायचा पर्याय निवडा: सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के. चूक सापडली तर थांबवता येतं, एकूण ३० दिवसांपर्यंत. लक्षात ठेवा की हे टप्पे आपोआप अपडेट होणाऱ्यांसाठीच आहेत. स्टोअरमध्ये जाऊन स्वतः अपडेट करणाऱ्याला आणि नव्यानं घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी नवी आवृत्ती मिळते. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ क्रॅश बघा, आणि फक्त डेटा गमावणारी किंवा अ‍ॅप उघडूच न देणारी चूक असेल तरच तातडीच्या रिव्ह्यूची विनंती करा.

ऑगस्टमध्ये बाजूला काढलेली कामं ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये जातात. ज्यांना नव्या एसडीकेकडे यायचंच नाही, त्यांनाही पुढच्या एप्रिलपर्यंतच मुदत असते: २०२४ मध्ये २९ एप्रिलपासून एक्सकोड १५ सक्तीचा झाला, २०२५ मध्ये २४ एप्रिलपासून एक्सकोड १६. त्यानंतर जुन्या एक्सकोडचं बिल्ड अपलोडच होत नाही, अगदी एका ओळीची दुरुस्ती असली तरी.